शाळेच्या दाराशी सुरू राहणारी इंजिने : बडोद्यातील शाळाचालकांना आणि पालकांना खुले पत्र

प्रति,
बडोदे शहरातील शाळांची व्यवस्थापक मंडळे, मुख्याध्यापक
आणि शाळा सुटताना दाराशी मोटार घेऊन थांबणारे सर्व पालक

सविनय नमस्कार.

आपल्या शहरातील बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळची पाळी सुटण्याची आणि दुपारची पाळी भरण्याची वेळ जवळजवळ एकच असल्यामुळे भर दुपारी, बारा-साडेबाराच्या सुमारास, मुलांना सोडायला आलेल्यांची आणि न्यायला आलेल्यांची वाहने शाळेच्या रस्त्यावर एकदमच गोळा होतात. दुचाकीवाले मिळेल ती सावली धरतात, वर्दीचे, म्हणजे ठरलेल्या मुलांची रोज ने-आण करणारे, रिक्षावाले आणि व्हॅनवाले कडुनिंबाखाली गप्पा मारत उभे राहतात, आणि मोटारी मात्र काचा वर करून, एसी लावून, इंजिन सुरू ठेवून एकामागे एक थांबलेल्या असतात. घंटा होऊन, ओळी सुटून, आपले मूल दारापर्यंत येईतो पंधरा-वीस मिनिटे सहज जातात, कधी अर्धा तासही जातो. उभी मोटार त्या वेळात नेमके काय करते आणि ती बंद ठेवणे शक्य व्हावे म्हणून शाळांनी व पालकांनी काय करावे, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

मी ऑटोमोबाईल हा विषय शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षे घालवली आणि आता नातवंडांना आणायला जाणाऱ्या आजोबांपैकी एक आहे. इंजिन उघडून दाखवणे हाच व्यवसाय असल्यामुळे या पत्रात इंजिनाचा भाग जरा लांबला, तर वाचकांनी तो सहन करावा. कारण मोटार बंद न करण्याची जी कारणे मला रोज ऐकायला मिळतात, त्यांतील निम्मी इंजिनाविषयीच्या जुन्या समजुतींतून आलेली आहेत.

आधी इंधनाचा हिशेब पाहू. एक-सव्वा लिटर क्षमतेचे लहान पेट्रोल इंजिन एसी लावून उभ्या उभ्या चालवले, तर तासाला साधारण एक लिटर पेट्रोल खाते. मोठ्या गाडीत हा आकडा वर जातो. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे तो सुरू होताच इंजिनाचे फेरे थोडे वाढवले जातात, आणि गाडी उभी असल्याने समोरून वारा मिळत नाही म्हणून कंडेन्सरचा पंखाही सतत चालवावा लागतो. रोजची वीस मिनिटे धरली तर लिटरचा तिसरा हिस्सा झाला. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस सांगितले आहेत. तेवढेच दिवस धरले तरी एका मोटारीचे सत्तरेक लिटर पेट्रोल एक फूटही पुढे न जाता संपते. पेट्रोलचा भाव लिटरला शंभर रुपयांच्या आसपास असताना ही रक्कम सात हजारांच्या घरात जाते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे त्या मोटारीमागे वर्षाला दीडशे किलोंहून अधिक. रांगेत पन्नास मोटारी असतील तर वर्षाचे साडेतीन हजार लिटर पेट्रोल एका शाळेच्या फाटकासमोर जळून जाते. कोयलीची रिफायनरी शहराला लागूनच असली, तरी पेट्रोल आपल्याला फुकट मिळत नाही.

यावर हमखास येणारे उत्तर असे की, गाडी बंद करून पुन्हा सुरू करण्यातच जास्त पेट्रोल जाते. कार्ब्युरेटर आणि चोक असलेल्या गाड्यांच्या काळात या म्हणण्याला काही आधार होता. थंड इंजिन चोक ओढून, ॲक्सिलरेटर दाबून उठवताना खरोखरच जादा पेट्रोल आत जाई, आणि ज्यांनी फियाट किंवा ॲम्बेसेडर चालवली आहे त्यांच्या हाताला ती भीती अजून आठवत असेल. पण २००० सालाच्या सुमारास आपल्याकडच्या मोटारींत इंधन मोजून फवारणारी इंजेक्शन पद्धत आली आणि हा प्रश्न संपला. गरम इंजिन पुन्हा सुरू करायला लागणारे इंधन सुमारे दहा सेकंद आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालवायला, लागते तेवढेच असते. दहा सेकंदांहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करणे स्वस्त पडते. आपण तर वीस मिनिटांविषयी बोलत आहोत. स्टार्टर लवकर झिजेल ही शंकाही इथे टिकत नाही, कारण शाळेपाशी बंद केल्यामुळे दिवसात एकदाच जास्त चावी फिरवावी लागते. हल्लीच्या कित्येक मोटारी तर सिग्नलला स्वतःहूनच बंद होतात आणि क्लच दाबताच सुरू होतात; पुष्कळ मालक मात्र ती सोय बटण दाबून बंद करून ठेवतात.

इंजिनाचे जे नुकसान होते ते लगेच दिसत नाही, म्हणून कोणी त्याची दखल घेत नाही. सर्व्हिसिंग आपण किलोमीटर पाहून करतो, आणि उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत. काटा जागच्या जागी राहतो, पण पिस्टन, रिंगा, बेअरिंगे आणि तेल यांचे आयुष्य तासांच्या हिशेबाने खर्च होत असते. मोठ्या संख्येने वाहने बाळगणाऱ्या संस्था तासाभराचे आयडलिंग चाळीस-पन्नास किलोमीटर चालण्याइतके धरतात; त्या मापाने दहा हजार किलोमीटरवर तेल बदलणाऱ्या, पण रोज बराच वेळ उभ्या उभ्या चालणाऱ्या गाडीचे तेल कागदावर दिसते त्यापेक्षा बरेच म्हातारे झालेले असते. कमी फेऱ्यांवर तेलाचा दाब कमी असतो, ज्वलनकक्षातले तापमान उतरते, इंधन पूर्ण जळत नाही. न जळलेला अंश स्पार्क प्लगवर काजळी होऊन बसतो आणि काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेल पातळ करतो.

डिझेल गाडीच्या मालकांनी हा परिच्छेद अधिक लक्ष देऊन वाचावा. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या, वाहनांच्या धुराविषयीच्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल मोटारींना काजळी अडवणारा फिल्टर बसवला जातो. साठलेली काजळी जाळून तो फिल्टर मोकळा करण्यासाठी एक्झॉस्ट चांगलाच तापावा लागतो, आणि तो तापतो सलग, बऱ्यापैकी वेगाने गाडी चालवल्यावर. घर ते शाळा दोन-तीन किलोमीटर, तिथे वीस मिनिटे आयडलिंग, पुन्हा घर, असाच ज्या एसयूव्हीचा दिनक्रम आहे तिचा फिल्टर तुंबणारच. डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते आणि वर्कशॉपचे बिल येते. मग मालक कंपनीला दोष देतो. महामार्गावरून भरधाव आल्यावर टर्बो थंड व्हावा म्हणून मिनिटभर इंजिन सुरू ठेवण्याचा सल्ला योग्य आहे, परंतु अकोट्याहून अलकापुरीला आलेल्या गाडीला त्याची गरज पडत नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे हवा. नव्या पेट्रोल गाडीचा धूर जुन्यापेक्षा पुष्कळच स्वच्छ असतो, हे मी आनंदाने मान्य करतो. पण ती स्वच्छता धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या ज्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर अवलंबून असते, तो अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस तापल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि दोन किलोमीटरच्या फेरीत तो जेमतेम तापतो. शिवाय रांगेत सगळ्या गाड्या नव्या नसतात. ‘माझ्याकडे पीयूसी आहे’ असे सांगणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की, त्या तपासणीत पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण पाहतात आणि डिझेल गाडीच्या धुराचा गडदपणा पाहतात. नायट्रोजनचे ऑक्साइड किंवा अतिसूक्ष्म कण तिथे मोजलेच जात नाहीत. धुरात विष किती टक्के आहे हे प्रमाणपत्र सांगते, पण फाटकासमोर एकूण किती धूर सोडला हे सांगत नाही.

रांगेत उभ्या मोटारींची रचना पाहिली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मोटारीत बाहेरची हवा घेण्याची जाळी पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटच्या मागच्या कडेला असते. पुढच्या गाडीचा सायलेन्सर आणि मागच्या गाडीची ही जाळी यांत रांगेत फार तर दोन-तीन मीटरांचे अंतर उरते. म्हणजे प्रत्येक जण पुढच्याचा धूर आत ओढून घेत असतो आणि स्वतःचा मागच्याला देत असतो. एसी ‘आतली हवा फिरवा’ या खटक्यावर ठेवला तर कण कमी येतात हे खरे, पण बंद काचांच्या आड दोघे-तिघे बसले असतील तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि डोके जड होते, पेंग येऊ लागते. आपण गाडीत बसून प्रदूषणापासून वाचलो, या समजुतीत तथ्य फारसे नाही.

मुलांची स्थिती याहून वाईट आहे. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते, त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात, आणि पहिली-दुसरीतल्या मुलाचे नाक जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीवर, सायलेन्सरच्या पातळीपासून फार वर नसते. दप्तर पाठीला लावून, दोन मोटारींच्या फटीतून वाट काढत ते आपल्या गाडीपर्यंत येते. ज्याला दमा आहे त्याला हा धूर लगेच जाणवतो. ज्याला नाही त्याचे काही बिघडत नाही असे मानायला मात्र आधार नाही. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आणि त्याला पहिल्या, म्हणजे सिद्ध झालेल्या गटात टाकले. आपल्या देशात पीएम २.५ या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५. या दोन्ही मर्यादा दिवसभराच्या सरासरीच्या आहेत. फाटकाशी दुपारी साचणारा अर्ध्या तासाचा धूर त्या सरासरीत विरून जातो, आणि हवा मोजणारे यंत्रही कुठल्याशा चौकात असते, शाळेच्या दारात नसते. हवा सुधारण्यासाठी राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाखाली देशातील जी सुमारे १३० शहरे निवडली गेली, त्यांत बडोद्याचे नाव आहे, एवढे इथे नोंदवून ठेवतो.

जाता जाता एक धोक्याची सूचना द्यायला हवी. अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये एसी लावून गाडीत डुलकी काढण्याची सवय काही चालकांना असते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यातून झोपलेला माणूस जागा होत नाही. आपल्या चालकाला हे समजावून सांगणे मालकाचे काम आहे.

इतके सगळे वाचून पालक म्हणतील की, मास्तर, बोलायला सोपे आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना गाडी बंद करून बसून दाखवा. हे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. उन्हात उभी केलेली बंद मोटार दहा मिनिटांत दहा अंशांनी तापते, आणि मागच्या सीटवर दोन वर्षांचे धाकटे भावंड झोपलेले असेल तर ती बंद ठेवणे हा निव्वळ वेडेपणा ठरेल. बंद गाडीत मुलाला एकटे सोडून उतरणे तर त्याहून भयंकर, आणि तसे कोणी, कधीच, पाच मिनिटांसाठीही करू नये. म्हणून पालकांना नुसता उपदेश करून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. मोटारी सुरू राहतात त्याचे मुख्य कारण आळस किंवा श्रीमंती हे नाही. थांबायला सावली नाही, हे आहे.

आणि या ठिकाणी मला शाळांच्या व्यवस्थापनांशी बोलायचे आहे. आपल्या शहरातील जुन्या शाळांची आवारे पाहा. वड, कडुनिंब, गुलमोहर, आसोपालव यांची उत्तम सावली कुंपणाच्या आत असते आणि घंटा होईपर्यंत फाटकाला कुलूप असते. बाहेर पालक उन्हात, आत सावली रिकामी. सुरक्षेसाठी फाटक बंद ठेवावे लागते हे मी समजू शकतो. मुलांच्या बाबतीत कोणताही मुख्याध्यापक धोका पत्करणार नाही, आणि पत्करूही नये. पण फाटकापासून आवाराच्या एका कोपऱ्यापर्यंत दोर किंवा जाळी लावून वेगळा केलेला भाग, पालकांसाठी ओळखपत्र, बसायला चार बाके, पिण्याच्या पाण्याचा एक माठ, आणि सुटण्याच्या वीस मिनिटे आधी उघडणारे फाटक, यांत न जमण्यासारखे काय आहे? ज्या शाळांना आवारच नाही त्यांनी रस्त्याच्या कडेला हिरव्या जाळीचा मांडव घालावा. नवरात्रीत आपण एवढ्या थोरल्या मैदानांवर मंडप उभे करतो, तिथे शाळेच्या भिंतीलगत पंचवीस फूट मांडव घालणे अवघड नाही. ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून मुलांना शाळेत आणले, तिथल्या शाळांनी त्या मुलांना घ्यायला येणाऱ्यांना उभे राहण्यापुरती सावली द्यावी, ही मागणी मोठी म्हणता येणार नाही.

दुसरी विनंती वेळेची. दोन पाळ्यांमध्ये वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर ठेवले आणि सुटतानाही धाकट्या व थोरल्या वर्गांना दहा मिनिटांच्या फरकाने सोडले, तर रांग आपोआप निम्मी होते. मूल केव्हा बाहेर येईल हे नक्की ठाऊक असले की पालकही अर्धा तास आधी येऊन जागा अडवत नाहीत. लवकर येण्याची ही शर्यतच अर्ध्याअधिक आयडलिंगच्या मुळाशी आहे, असे माझे निरीक्षण आहे.

पालकांनी आपल्या बाजूने एवढे करावे. सावली मिळाली की गाडीतून उतरावे. सावली नसेल आणि गाडीत लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर एसी जरूर चालू ठेवावा, पण रांगेच्या बाहेर, फाटकापासून दूर थांबावे. बाकीच्यांनी, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, जेव्हा बडोद्याची दुपार अंगावर घेण्याजोगी असते, तेव्हा तरी इंजिन बंद करावे. मोबाईल चार्ज करण्यासाठी आणि गाणी ऐकण्यासाठी इंजिन लागत नाही, वीस मिनिटे तर बॅटरी सहज पुरते. ती पुरत नसेल तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली आहे. चालक ठेवणाऱ्यांनी चालकाला तशी स्पष्ट सूचना द्यावी, आणि त्याला सावलीत बसायची मुभाही द्यावी. वर्दीवाल्यांविषयी माझी तक्रार नाही. त्यांची वाहने बहुतांशी सीएनजीवर चालतात, गॅसचा प्रत्येक रुपया त्यांच्या खिशातून जातो, त्यामुळे थांबल्या थांबल्या इंजिन बंद करण्याची शिस्त त्यांना कोणी शिकवावी लागलेली नाही. लांब सिग्नलवरही रिक्षा बंद झालेली दिसते आणि शेजारची मोटार गुरगुरत असते, हे कोणीही पाहून घ्यावे.

कायद्याचे मी थोडक्यात लिहितो, कारण दंडाने हा प्रश्न सुटावा अशी माझी इच्छा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे चालकाच्या जागी परवानाधारक व्यक्ती नसताना इंजिन सुरू ठेवून वाहन सार्वजनिक जागी उभे करता येत नाही. म्हणजे ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणून एसी चालू ठेवून मुलाला आणायला उतरणारा पालक सरळ सरळ नियम मोडत असतो. न्यूयॉर्क शहराने विनाकारण इंजिन चालू ठेवण्यावर तीन मिनिटांची मर्यादा घातली आहे, आणि शाळेशेजारी ती एकच मिनिट आहे. शाळेसाठी वेगळा आणि कडक नियम असावा, हा त्यातला विचार महानगरपालिकेने आणि वाहतूक पोलिसांनी जरूर घ्यावा. फाटकापासून पन्नास मीटरांत ‘थांबताना इंजिन बंद ठेवा’ असा गुजराती, हिंदी आणि मराठी फलक लावण्याने सुरुवात होऊ शकेल.

नवे सत्र सुरू होण्याआधी प्रत्येक शाळेत पालकसभा होते. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर पालकांसाठी सावलीची जागा, फाटक उघडण्याची वेळ आणि पाळ्यांमधले अंतर हे तीन विषय घ्यावेत, अशी माझी व्यवस्थापनांना विनंती आहे. कोणत्याही शाळेने बोलावल्यास मी सभेला येऊन आयडलिंगमुळे काळवंडलेले प्लग आणि पातळ झालेले तेल पालकांना प्रत्यक्ष दाखवीन, त्यांच्या गाड्यांविषयीच्या शंकांना उत्तरे देईन, आणि त्यासाठी मला मानधन नको.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
ऑटोमोबाईल विषयाचा एक निवृत्त शिक्षक,
रावपुरा, बडोदे